कंपनीने दान दिलेला कोडबेस मूळ प्रकल्पाच्या जागी बसवावा का?

गोदाकाठ

प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय सल्ला देणं कुणालाच जमणार नाही, म्हणून सगळं मांडतो.

प्रकल्प सी++ मधला आहे, ऑफिसचे दस्तऐवज वाचणारा आणि लिहिणारा. एका कंपनीने काही वर्षांपूर्वी याचीच एक जुनी आवृत्ती घेऊन स्वतःचं उत्पादन उभं केलं. ते उत्पादन आता बंद होतंय आणि सगळा कोड अपाची 2.0 परवान्याने द्यायला ते तयार आहेत. आमचा परवानाही तोच. कोड एकाच झिप फाइलमध्ये आलाय, गिटचा (प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास नाही. नेमक्या कोणत्या आवृत्तीवरून त्यांनी सुरुवात केली हे त्यांच्याकडच्या आताच्या लोकांनाही सांगता येत नाही.

त्यांच्या कोडमध्ये चांगल्या गोष्टी खरोखर आहेत: स्क्रीन रीडरसाठीचं (अंध वापरकर्त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनासाठीचं) काम, एक्सएमएल फाइल्स उघडण्याचा वेग, नवा इंटरफेस. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणाऱ्या) मंडळींत दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, त्यांचा कोड मुख्य शाखा करा आणि आपल्या दुरुस्त्या त्यावर चढवा. दुसऱ्याचं म्हणणं, आपली शाखा आहे तशी ठेवा आणि त्यांच्यातलं हवं तेवढं उचला. 2012 मध्ये ओपनऑफिसपुढे आयबीएमच्या सिंफनी या ऑफिस संचाचा कोड आला तेव्हाही हाच पेच होता ना?

निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा? काय मोजायचं, कागदपत्रं कोणती मागायची, आणि मराठीसकट सतरा भाषांची भाषांतरं आहेत त्यांचं काय होईल?

तुकडेजोड

मत बनवण्याआधी कंपनीच्या कोडची फांदी तुमच्या कोणत्या आवृत्तीपासून फुटली ते शोधा. ते कळेपर्यंत दोन्ही तट अंदाजावरच भांडत राहणार.

पहिली चाळणी सोपी आहे. झिपमधला कोड एका रिकाम्या शाखेवर कमिट करा (गिटमध्ये नोंदवा). मग तुमच्या प्रत्येक रिलीज टॅगशी (प्रसिद्ध आवृत्तीच्या खुणेशी) त्याचा गिट डिफ (ओळीवार फरक) काढा, शॉर्टस्टॅट आणि मोकळ्या जागा दुर्लक्षिणारा डॅश-डब्ल्यू हे दोन पर्याय लावून. ज्या टॅगशी फरकाच्या ओळी सगळ्यात कमी, तो टॅग मूळ असण्याची शक्यता जास्त. लागोपाठच्या दोन टॅगचे आकडे जवळजवळ आले तर दुसरी चाळणी लावा: गिट एलएस-ट्रीने प्रत्येक टॅगमधल्या फाइल्सचे हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारे ओळख-क्रमांक) काढा, दानातल्या फाइल्सचेही काढा, आणि तंतोतंत जुळणारे किती ते मोजा. आयकॉन, नमुना दस्तऐवज, जुन्या टेस्ट या फाइल्सना सहसा कुणी हात लावत नाही, त्यामुळे त्या चांगली साक्ष देतात.

हॅश जुळवताना दोन गोष्टी फसवतात. विंडोजवर काम झालं असेल तर ओळींच्या शेवटी सीआरएलएफ ही दुहेरी खूण असते आणि मजकुराची एकही फाइल जुळत नाही, म्हणून दोन्हीकडच्या ओळी आधी एलएफ या एकेरी खुणेवर आणा. दुसरं म्हणजे प्रत्येक फाइलच्या माथ्यावरचा परवान्याचा मजकूर. तो बदललेला असतोच. तुलनेपुरता तो दोन्हीकडून छाटून टाका. आणि त्यांनी कधी क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) चालवलं असेल तर तेच कॉन्फिगरेशन तुमच्या कोडवरही चालवल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

मूळ टॅग सापडला की त्याच टॅगवरून नवी शाखा काढा, तिथल्या सगळ्या फाइल्स गिट आरएमने काढा, दानातल्या फाइल्स त्या जागी ठेवा आणि एकच कमिट करा. त्यांच्या झिपमध्ये स्वतःची गिटइग्नोर फाइल असेल तर काही फाइल्स गुपचूप वगळल्या जातात, म्हणून गिट अ‍ॅड सक्तीने, डॅश-एफ लावून करा. त्यात चुकून बिल्डचे अवशेष आले नाहीत ना ते नजरेखालून घाला. आता गिटच्या दृष्टीने दोन्ही शाखांना एक समान पूर्वज मिळाला. झिप थेट मुख्य शाखेत 'असंबद्ध इतिहास चालतील' म्हणून मर्ज (एकत्र) केलीत तर हा पूर्वज मिळत नाही आणि दोन्हीकडे असलेली, जराही वेगळी असलेली प्रत्येक फाइल संघर्षात (कुणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येत नाही अशा अवस्थेत) दिसते. ही चूक फार महाग पडते.

यानंतर तीन याद्या काढा: फक्त त्यांनी बदललेल्या फाइल्स, फक्त तुम्ही बदललेल्या, आणि दोघांनी बदललेल्या. गिट मर्ज-ट्री वापरलंत तर कामाच्या फोल्डरला धक्का न लावता लुटुपुटीचा मर्ज होतो आणि कुठे अडतं ते दिसतं. सोबत मूळ टॅगपासून आजपर्यंत तुमच्या मुख्य शाखेवर किती कमिट झाले ते गिट रेव्ह-लिस्टने मोजा, मर्ज कमिट वगळून.

पहिल्या तटाला मोह का पडतो तेही इथेच समजतं. तुमचं काम सुट्या, संदेश लिहिलेल्या कमिटमध्ये आहे, म्हणून ते त्यांच्या कोडवर चेरी-पिक करत (एकेक कमिट उचलत) चढवणं यांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. त्यांचं काम मात्र एकच गोळा आहे. गोळ्यातून एखादी सुविधा सोडवून काढणं कितीतरी किचकट. म्हणजे 'त्यांचा कोड पाया करा' हा प्रस्ताव आळसातून आलेला नाही, त्यात गणित आहे. पण तो स्वीकारलात की गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते सांगणारी आज्ञा) कायमचं मुकं होतं. एखादी विचित्र ओळ दिसली, ती का लिहिली असं विचारलं, तर उत्तर एकच: 'दानाचा कमिट'.

म्हणून सगळ्यात आधी इतिहास मागा. कंपन्या नाही म्हणतात, कारण त्यात कर्मचाऱ्यांचे ईमेल, ग्राहकांची नावं, आतल्या बगचे क्रमांक असतात. गिट फिल्टर-रेपोने हे सगळं धुता येतं: मेलमॅप (नावं-ईमेल बदलण्याची यादी) देऊन लेखकांची नावं बदलतात, कमिट संदेशांतले ठरावीक शब्द बदलतात, नको त्या फाइल्स इतिहासातून उडतात. धुतलेला इतिहास मिळाला तर गोळ्याचे तुकडे होतात आणि मग दुसऱ्या तटाचा मार्ग एकदम स्वस्त होतो.

रेघोटी

सिंफनीचा दाखला तुमच्याशी खरंच जुळतो, म्हणून तारखांसकट लिहिते.

ओरॅकलने जून 2011 मध्ये ओपनऑफिसचा कोड अपाचीला दिला. त्याआधी, सप्टेंबर 2010 मध्ये, लिबरऑफिस वेगळं झालं होतं. जुलै 2011 मध्ये आयबीएमने जाहीर केलं की लोटस सिंफनीचा कोडही अपाचीला देऊ. अपाची ओपनऑफिस 3.4 हे 8 मे 2012 रोजी आलं आणि सिंफनीचा कोड त्याच महिन्यात हाती आला. तो मुख्य शाखेत न टाकता सबव्हर्जनमध्ये (गिटसारख्याच साधनात) वेगळ्या डिरेक्टरीत ठेवला गेला. ही साधी गोष्ट फार मोलाची होती, कारण त्यामुळे कोड पाहायला, बांधायला, तपासायला मोकळा झाला आणि निर्णयाची घाई उरली नाही.

तेव्हा चर्चेत दोनच वाटा होत्या. सिंफनी पाया करायची आणि 3.4 मधलं काम तिच्यावर आणायचं, किंवा 3.4 चा पाया ठेवून सिंफनीतलं एकेक उतरवायचं. पहिल्या वाटेच्या बाजूने बोलायला मुद्दे होते: सुलभतेचं काम, मायक्रोसॉफ्टच्या फाइल्सबाबतच्या दुरुस्त्या, बाजूचं पॅनेल, आणि हे सगळं एका उत्पादनात वापरून झालेलं. पण सिंफनीत तीनच प्रमुख भाग होते, दस्तऐवज, स्प्रेडशीट आणि सादरीकरण. ओपनऑफिसच्या वापरकर्त्यांना बेस (डेटाबेसचा भाग) हवा होता, त्यांची एक्स्टेन्शन्स चालायला हवी होती, शेकड्याने असलेल्या स्थानिक सेटिंग्ज हव्या होत्या. शिवाय 3.4 साठी जीपीएल आणि एलजीपीएल परवान्यांची अवलंबनं (बाहेरून घेतलेल्या लायब्ररी) काढण्याचं जे किचकट काम झालं होतं, ते पाया बदलला की पुन्हा पडताळावं लागलं असतं.

शेवटी दुसरी वाट घेतली. फळ 23 जुलै 2013 च्या 4.0 मध्ये दिसलं, म्हणजे कोड मिळाल्यावर सुमारे चौदा महिन्यांनी. बाजूचं पॅनेल आलं, पण कसं ते पाहा: पॅनेलची चौकट नव्याने लिहिली, एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना वापरता येईल अशी, आणि आतल्या भागांसाठी सिंफनीचा कोड घेतला. विंडोजवरच्या स्क्रीन रीडरसाठीचा आयअ‍ॅक्सेसिबल2 चा आधार त्याहून उशिरा, एप्रिल 2014 च्या 4.1 मध्ये आला. तोवर विंडोजवर जावा अ‍ॅक्सेस ब्रिजवर भिस्त होती. अंध वापरकर्त्यांसाठी ही दोन वर्षं लांबच होती. ही या वाटेची खरी किंमत आहे आणि ती लपवू नये.

याच कोडचा प्रवास पुढेही झाला. अपाची परवान्याचा कोड लिबरऑफिसला घेता येत होता, उलट दिशेने मात्र नाही, कारण लिबरऑफिसमधलं नवं काम एलजीपीएल आणि एमपीएल या परवान्यांखाली होतं. जुलै 2013 मध्येच लिबरऑफिस 4.1 मध्ये ते बाजूचं पॅनेल प्रायोगिक म्हणून आलं. तेव्हा तुमच्या प्रकल्पाचा कुणी फोर्क (वेगळी काढलेली फांदी) चालवत असेल तर दान तुमच्याइतकंच त्यांच्याही हाती पडणार, हे धरून चाला.

आणखी एक. दान देणाऱ्या कंपनीचे पगारी प्रोग्रॅमर सोबत येतात तेव्हा कामाला वेग येतो. ओपनऑफिस 4.1 नंतर त्या प्रकल्पाचा वेग मंदावला, आणि सप्टेंबर 2016 मध्ये प्रकल्प बंद करण्याच्या शक्यतेवर ईमेल यादीवर उघड चर्चा झाली. कोड मिळतो तो कायमचा, माणसं मिळतात ती त्यांच्या कंपनीचं बजेट असेपर्यंत. पाया निवडताना हे दोन वेगळे हिशेब ठेवा.

गोदाकाठ

@तुकडेजोड, पहिली चाळणी लावली. दोन टॅग जवळजवळ सारखे आले, हॅशवर मात्र त्यातला अलीकडचा स्पष्ट पुढे निघाला. त्यानंतर आमच्याकडे 2,140 कमिट झाले आहेत. दोघांनीही बदललेल्या फाइल्सची यादी अपेक्षेपेक्षा लहान आहे, पण त्यात वाचक आणि लेखक असे दोन्ही मुख्य मॉड्यूल आहेत. म्हणजे जिथे दुखतं तिथेच संघर्ष. इतिहासाबद्दल त्यांना लिहिलंय.

परवाना दोघांचा एकच असल्याने कागदपत्रांचं फारसं काही उरत नाही, हे बरोबर ना?

साक्षांकित

नाही, बरंच उरतं. कंपनी जे स्वतःचं आहे तेच देऊ शकते. झिपमध्ये जे आहे ते सगळं तिचं असतंच असं नाही.

बंद उत्पादनाच्या कोडमध्ये सहसा हे सापडतं: विकत घेतलेल्या लायब्ररीच्या हेडर फाइल्स, पैसे देऊन घेतलेले आयकॉन आणि फॉन्ट, शब्दकोश, आणि सगळ्यात वाईट म्हणजे टेस्टच्या फोल्डरमध्ये ग्राहकांनी बग कळवताना पाठवलेले खरे दस्तऐवज. दस्तऐवज हाताळणाऱ्या प्रकल्पात तर ही शक्यता फारच मोठी. एखाद्याचं पगारपत्रक किंवा वैद्यकीय अहवाल तुमच्या सार्वजनिक रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) गेला तर नंतर इतिहासातून काढणं अवघड, कारण तोवर लोकांनी क्लोन केलेलं (उतरवून घेतलेलं) असतं. म्हणून टेस्टचं फोल्डर वेगळं काढा, एकेक फाइल उघडून पाहा, आणि शंका असलेली फाइल घेऊच नका. ती चूक दाखवणारी कृत्रिम फाइल पुन्हा तयार करता येते.

कोड सार्वजनिक होण्याआधी स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी चालवा. दोन्ही साधनं फाइलच्या आतला परवान्याचा मजकूर ओळखतात. अहवालात 'परवाना सापडला नाही' असं येणाऱ्या फाइल्सकडे जास्त लक्ष द्या, कारण जीपीएल सापडली तर निदान निर्णय तरी घेता येतो. सोबत गिटलीक्ससारखं साधन चालवून पासवर्ड, खासगी किल्ल्या, सही करण्याची प्रमाणपत्रं शोधा. धुतलेला इतिहास मिळाला तर त्या इतिहासावरही चालवा, फक्त शेवटच्या कमिटवर नाही.

दान कुणाला द्यायचं हाही प्रश्न आहे. अपाचीसारखी संस्था पाठीशी असेल तर सॉफ्टवेअर ग्रँटचा ठरलेला करार असतो आणि त्यानंतर बौद्धिक संपदेची पडताळणी होते. तुमच्या प्रकल्पाला कायदेशीर संस्थाच नसेल तर करार कुणाशी करणार? तेव्हा सोपा मार्ग असा की कंपनीने स्वतःच्या सार्वजनिक खात्यावर हा कोड प्रसिद्ध करावा, लायसन्स आणि नोटीस फाइलसकट. प्रत्येक फाइलच्या माथ्यावरचा जुना मालकी मजकूर त्यांनीच बदलावा. तुम्ही तो खोडू नका, तो अधिकार तुमचा नाही. मग तुम्ही तिथून घ्या. अपाची 2.0 च्या तिसऱ्या कलमाने पेटंटचा परवाना मिळतो, पण तो योगदान देणाऱ्याच्या पेटंटपुरता. त्यांनी आत तिसऱ्याचा कोड कोंबला असेल तर त्या तिसऱ्याची पेटंटं यात येत नाहीत. नोटीस फाइलमधला मजकूर चौथ्या कलमानुसार पुढे न्यावा लागतो, हेही बिल्डमध्ये बसवा.

आणि उत्पादनाचं नाव. अपाची परवाना ट्रेडमार्क देत नाही. मेनूत, आयकॉनमध्ये, रजिस्ट्रीच्या किल्ल्यांत, फाइलच्या मेटाडेटामध्ये 'हा दस्तऐवज अमुकने बनवला' असं जिथे जिथे नाव उमटतं ते सगळं बदलावं लागेल.

खडूफळा

वरचा सगळा सूर 'पाया बदलू नका' असा आहे. बदलूनही प्रकल्प जगतात, फुलतात, ते इथे मांडायला हवं.

सगळ्यात मोठं उदाहरण टॉमकॅट. जावा सर्व्हलेटसाठी (वेब सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमसाठी) अपाचीकडे जेसर्व्ह होतं, लोक ते वापरत होते. 1999 मध्ये सनने आपली सर्व्हलेट आणि जेएसपीची संदर्भ अंमलबजावणी अपाचीला दिली, जकार्ता प्रकल्प सुरू झाला, आणि टॉमकॅट 3.0 निघालं. जेसर्व्ह मागे पडलं. पण त्यातलं एक टिकलं: अपाची वेब सर्व्हरशी बोलायचा एजेपी हा प्रोटोकॉल. तो टॉमकॅटने उचलला आणि आजही तो आहे. ज्यांच्याकडे सर्व्हर चालू होते त्यांना पुढचा सांधा ओळखीचा राहिला, मागचं इंजिन बदललं. पाया बदलताना बाहेरच्या जगाला स्पर्श करणारा सांधा राखायचा, तो असा.

आता उलट बाजू. स्ट्रट्स आणि वेबवर्क या जावाच्या वेब फ्रेमवर्कनी एकत्र यायचं 2005 च्या नोव्हेंबरात ठरलं. वेबवर्कचा कोड स्ट्रट्स 2 झाला आणि फेब्रुवारी 2007 मध्ये 2.0.6 हे सर्वांसाठीचं पहिलं रिलीज आलं. नाव तेच, क्रमांक पुढचा, पण आतली घडण पूर्ण वेगळी. स्ट्रट्स 1 च्या अ‍ॅक्शनफॉर्मवर लिहिलेलं अ‍ॅप्लिकेशन नव्यावर चालत नव्हतं, पुन्हा लिहावं लागे. परिणामी जुन्यावर बसलेले लोक तिथेच बसून राहिले. जुन्याचं शेवटचं रिलीज 2008 चं, आयुष्य संपल्याची घोषणा 2013 ची. वेबवर्कसोबत एक्सवर्क आणि त्यातली ओजीएनएल ही एक्स्प्रेशनची भाषाही आली. पुढे स्ट्रट्स 2 मधली अनेक गंभीर छिद्रं याच ओजीएनएलच्या वाटेने उघडली, 2017 मधलं, सीव्हीई-2017-5638 या नोंद-क्रमांकाचं सुद्धा. घेताना कुणी ओजीएनएल मागितली नव्हती, ती कोडसोबत आली. म्हणून दानाच्या अवलंबनांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: ही आपल्यापैकी कोण सांभाळणार?

तिसरं उदाहरण तुमच्या निर्णयाला सगळ्यात उपयोगी. 2014 मध्ये रेड हॅटने हॉर्नेटक्यू या संदेश पोचवणाऱ्या सर्व्हरचा कोड त्याच प्रकारच्या अपाची अ‍ॅक्टिव्हएमक्यूला दिला. सुरुवातीला रेपोचं नावच अ‍ॅक्टिव्हएमक्यू-6 ठेवलं होतं, म्हणजे चालू 5.x चा वारस आधीच जाहीर. त्यावर बराच वाद झाला आणि 2015 मध्ये त्याला आर्टेमिस हे वेगळं नाव आणि 1.0.0 हा वेगळा क्रमांक मिळाला. मग आर्टेमिसने ओपनवायर प्रोटोकॉलचा आधार दिला, ज्यामुळे 5.x चे जुने क्लायंट तसेच जोडता आले. 5.x च्या काहाडीबी या साठवणीत असलेले संदेश बाहेर काढून आर्टेमिसला वाचता येतील अशा एक्सएमएलमध्ये देणारं साधन झालं. तरीही जुनी शाखा मेली नाही. तिला क्लासिक म्हणू लागले, आणि 2023 च्या नोव्हेंबरात 6.0.0 हा क्रमांक तिनेच घेतला! 2014 मध्ये तो क्रमांक दानाला देऊन टाकला असता तर केवढा गोंधळ झाला असता, विचार करा.

म्हणजे माझं मत: समान पूर्वज असेल तर एकेक उतरवा. समान पूर्वज नसेल तर उतरवण्यासारखं काही नसतं, तेव्हा शेजारी वेगळ्या नावाने वाढू द्या. मुख्य क्रमांक कुणालाही आगाऊ देऊ नका.

अनुस्वार

भाषांतरांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते.

तुमची भाषांतरं गेटटेक्स्टमध्ये (भाषांतरं ठेवण्याच्या साधनसंचात) असतील तर किल्ली म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य. त्यांनी मेनूतला एक शब्द बदलला की त्यातलं एमएसजीमर्ज हे साधन त्या वाक्याचं मराठी 'फझी' (संशयास्पद) ठरवतं आणि फझी ओळी बिल्डमध्ये जात नाहीत, तिथे इंग्रजी दिसतं. निर्णयाआधीच हे मोजता येतं: त्यांच्या कोडमधून पीओटी फाइल (मूळ वाक्यांची यादी) काढा, तुमची मराठी पीओ (भाषांतराची फाइल) कंपेंडियम (संदर्भसंग्रह) म्हणून देऊन एमएसजीमर्ज चालवा, मग एमएसजीएफएमटीला स्टॅटिस्टिक्स विचारा. पूर्ण, फझी आणि रिकाम्या ओळींचे तीन आकडे लगेच मिळतात. सतराही भाषांसाठी हे एका दुपारचं काम आहे. किल्ली फाइलच्या पत्त्यावर आधारलेली असेल, जशी ओपनऑफिसच्या जुन्या एसडीएफ फाइल्समध्ये असे, तर फाइल हलवली एवढ्यानेही भाषांतर सुटतं, शब्द तोच असला तरी.

अक्षरजुळणी हा वेगळा भाग, आणि इथे कंपनीच्या फांदीवर माझा सहसा विश्वास नसतो, कारण त्यांच्या ग्राहकांत देवनागरीवाले होते की नाही कोण जाणे. फांदी जुनी असेल तर आत आयसीयू या लायब्ररीचं जुनं, अक्षरं जुळवणारं लेआउट इंजिन असू शकतं. लिबरऑफिसने लिनक्सवर 4.1 पासून आणि सगळीकडे 5.3 पासून त्याच कामाचं हार्फबझ घेतलं. तुमच्या मुख्य शाखेत हार्फबझ आलं असेल आणि दानात नसेल, तर पाया बदलताना मराठी मागे जाईल आणि इंग्रजीवर चाचणी करणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

चाचणीची फाइल लहानच ठेवा, पण नेमकी. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे लिहा: एकदा नुक्तेवाल्या ऱ ने, एकदा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) ने. दोन्हीत अर्धा र चंद्रासारखा दिसला पाहिजे, आणि फाइल साठवून पुन्हा उघडल्यावर झेडडब्ल्यूजे टिकला पाहिजे. काही 'स्वच्छता' करणारे फिल्टर तो अदृश्य म्हणून काढून टाकतात. ॲ हे अक्षर 2008 च्या युनिकोड 5.1 मध्ये आलं, त्याआधीच्या दस्तऐवजांत अ वर चंद्र देऊन लिहिलेलं असतं, तेही घ्या. ल आणि श यांची मराठी वळणं फॉन्टला भाषेची खूण पोचली तरच येतात. दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवूनही हिंदी वळण दिसलं तर खूण मध्येच गळाली. क्रमवारीत ळ हा ह च्या नंतर यायला हवा. युनिकोडच्या क्रमांकावर लावलं तर तो ल च्या लगेच नंतर येतो. आणि आकडे 12,34,567 असे, 1,234,567 असे नव्हेत.

यातली प्रत्येक गोष्ट आधी तुमच्या शाखेवर तपासा. तिथेच नापास असेल तर दानाला दोष देऊ नका.

रेघोटी

@गोदाकाठ, मत घ्यायची वेळ आली तर नियम आधी लिहून काढा. अपाची अँट या बिल्ड साधनाच्या नियमावलीत हा प्रसंग नावानिशी आहे: प्रसिद्ध झालेल्या उत्पादनाचा कोडबेस दुसऱ्याने बदलायचा असेल तर व्यवस्थापन समितीचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, आणि ते मिळालं नाही तर जुनाच चालू राहतो. त्या प्रकल्पात अँट 2 साठी म्युटंट आणि मर्मिडन असे नव्याने लिहिलेले प्रस्ताव होते. दोन्ही बारगळले आणि 1.x पुढे चालत राहिलं. नियमातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण मत बरोबरीत अडकलं तर काय होणार हे त्यातून ठरतं. साध्या बहुमतावर असा बदल केलात तर जवळजवळ निम्मे मेंटेनर दुसऱ्या दिवशी परक्या कोडवर काम करायला लागतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीचं उत्तर आलं: धुतलेला इतिहास द्यायला तयार आहेत, तीन महिने लागतील. टेस्टचे दस्तऐवज देणार नाहीत, आणि @साक्षांकित यांचं वाचल्यावर तेच बरं वाटतंय.

मेंटेनरांपुढे ठेवलेला प्रस्ताव असा. कोड वेगळ्या रेपोत, स्वतःच्या कामचलाऊ नावाने. मुख्य क्रमांक मोकळा. तीन महिन्यांत आमच्यापैकी चार जण, कंपनीच्या लोकांना न विचारता, आमच्या यादीतले जुने दहा बग दानाच्या कोडमध्ये दुरुस्त करून पाहतील. मूळ टॅगनंतर आम्ही जे सुरक्षेचे दोष मिटवले ते सगळे तिथे अजून उघडे आहेत का हे एक जण पाहील. स्क्रीन रीडरचं काम मात्र थांबवायचं नाही, ते आजच उतरवायला घ्यायचं. @रेघोटी यांनी दोन वर्षांबद्दल लिहिलं ते डोक्यातून जात नाही. आणि पाया बदलायचाच झाला तर दोन तृतीयांश.

यात काही राहिलं का?

तुकडेजोड

एक राहिलं. स्क्रीन रीडरचं काम आज झिपमधून उतरवलंत आणि तीन महिन्यांनी तेच बदल इतिहासातून आले, तर गिटला ते एकच आहेत हे कळणार नाही, आणि तुम्ही दरम्यान केलेल्या दुरुस्त्यांशी संघर्ष होईल. म्हणून आज उतरवताना फाइलवार कमिट करा, प्रत्येक कमिटच्या संदेशात दानाच्या शाखेतला पत्ता आणि तिथल्या फाइलचा हॅश लिहा. इतिहास आल्यावर त्या हॅशवरून त्यांचा नेमका कमिट सापडतो आणि तो वगळता येतो. गिट रेरेरे आत्तापासूनच चालू करून ठेवा, एकदा सोडवलेला संघर्ष ते लक्षात ठेवतं. आणि 'कंपनीला न विचारता' ही अट दहापैकी पहिल्या पाच बगपुरती ठेवा. उरलेल्या पाचांना विचारून पाहा, म्हणजे उत्तर किती दिवसांत येतं तेही कळेल.